चोवीस फुटांची आई

“साप्टियाप्पा?”

मी ऐकलेला पहिला आवाज हाच. तमिळमध्ये याचा अर्थ, जेवलास का रे बाळा? विचारणारी एक म्हातारी होती. घोट्याएवढ्या खाऱ्या पाण्याशेजारच्या बांधावर, डोक्यावर मिठाची पाटी घेऊन उभी. आणि विचारत होती ती कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या आपल्या मुलाला. खरं तर त्या वेळी तिनं बोलायचंच नव्हतं. मागे वळूनही बघायचं नव्हतं. पण तिनं बघितलं, ती बोलली, आणि तो आवाज माझ्या काठावर एका नागमोडी रेघेत उमटून राहिला.

मित्रांनो, मी एक जुनी प्रिंट आहे. सिनेमाची प्रिंट. तुम्ही सिनेमा पाहता तो भिंतीवर किंवा टीव्हीत. मला मात्र तुम्ही पाहिलं नसेल. मी म्हणजे काळ्या चकचकीत फितीची तीन वेटोळी, तीन रिळं. तीन चपट्या पत्र्याच्या डब्यांत मी झोपते आणि ते तिन्ही डबे पट्टे लावलेल्या एका चौकोनी पेटीत. माझी रुंदी तुमच्या अंगठ्याएवढी. पण दिव्यापुढे उभी राहिले की मी भिंतीएवढी होते. माझ्या अंगावर हजारो चित्रं आहेत आणि त्यातलं एकही हलत नाही. मी धावले तरच ती जिवंत होतात. थांबले की सगळी माणसं पाय उचललेल्या जागी थिजतात. कुणी हसायच्या आधी, कुणी रडता रडता.

माझा जन्म झाला तो तुतिकोरीनजवळच्या मिठागरांच्या गावामुळे. मला घडवणारा माणूस अमेरिकेत, ह्यूस्टनला, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर होता. त्याचं नाव अरुणाचलम. सगळे त्याला अरुण म्हणत. तीन वर्षं त्यानं वर्षाची सगळी सुट्टी साठवली आणि ती मिठागरात घालवली. कॅमेरा विद्यापीठातल्या फिल्म क्लबकडून मागून आणलेला. सोबत दोन मित्र, त्यांपैकी एक रंगारी आणि एक शाळामास्तर. सिनेमाचं नाव ‘कल्लुप्पु’, म्हणजे खडेमीठ. मिठागरात राबणाऱ्या एका बाईची गोष्ट. ती एक दिवस गाव सोडून जाते आणि सहा महिन्यांनी परत येते, एवढीच.

बाईच्या कामासाठी मद्रासहून एक नटी आली होती. पहिल्या दिवशी तिनं खाऱ्या पाण्यात पाय घातला. दुसऱ्या दिवशी तिच्या टाचा सोलवटल्या. तिसऱ्या दिवशी ती पहाटेच्या एस.टी.नं गेली. अरुण बांधावर डोकं धरून बसला. तेव्हा त्याची आई, वळ्ळियम्मा, लुगड्याचा काष्टा वर खोचत म्हणाली, “त्यात काय एवढं? मी चालते. आयुष्यभर चाललेच आहे की.” आणि ती खरंच चालली. याच मिठागरात राबून तिनं अरुणला शिकवलं होतं. तिला अभिनय शिकवायची गरज नव्हती, फक्त कॅमेऱ्याकडे बघू नकोस एवढंच सांगायची होती.

आता तुम्हाला माझ्या मधल्या चोवीस फुटांबद्दल सांगते. दुसऱ्या रिळाच्या मध्यावर ते होते. चोवीस फूट म्हणजे पडद्यावरची चाळीस सेकंदं. बाई गाव सोडून निघते. डोक्यावर पाटी, पुढे लांबच लांब बांध, दोन्ही बाजूंना पाणी. त्या सकाळी वारा नव्हता. पाण्यात आभाळ उतरलं होतं, आभाळात पाणी चढलं होतं, आणि त्या दोन्हींच्या मधून ती जात होती. जणू आभाळाच्याच बांधावरून चालली आहे. लहान होत होत ती भुईमुगाच्या दाण्याएवढी झाली. सगळं गप्प. आणि मग ती थांबली, वळली, आणि लांबून तिनं हाक दिल्यासारखं विचारलं, “साप्टियाप्पा?”

पोरगा सकाळपासून उपाशी उन्हात उभा आहे, हे तिला तिथूनही दिसलं होतं.

शाळामास्तर म्हणाला, “गेला शॉट. परत घेऊ.” अरुणनं कॅमेऱ्यावरून डोळा काढला. तो म्हणाला, “नको. हे मला लिहायला सुचलं नसतं.”

अशी मी झाले. मग मला घेऊन तो मद्रासला दारोदार हिंडला. पण गाणं नाही, मारामारी नाही, ओळखीचा चेहरा नाही, अशा सिनेमाला कोण दार उघडणार? एका थिएटरात रविवार सकाळचा एकच खेळ मिळाला. दुपारपर्यंत माझ्या पोस्टरवर दुसरं पोस्टर चिकटलं होतं, आणि त्यावरची नटी माझ्या म्हातारीच्या कपाळावरून हसत होती. शेवटी अरुणनं मला विमानात घेतलं. सामानात टाकलं नाही. तो आणि त्याची बायको यांच्या मधल्या खुर्चीवर मी होते, तान्ह्या बाळासारखी.

माझीही आई होती, मित्रांनो. तिला निगेटिव्ह म्हणतात. तिच्यापासून माझ्यासारख्या हव्या तितक्या लेकी काढता येतात. ती मद्रासच्या एका लॅबमध्ये राहिली होती. वर्षभरानं पत्र आलं की लॅब बंद पडली, फडताळं रिकामी झाली, आणि जुन्या फिती चांदी काढायला गेल्या. चित्रपटाच्या फितीत थोडी चांदी असते ना, तेवढ्यासाठी. त्या दिवसापासून मी जगात एकटीच. माझ्यात जे आहे ते फक्त माझ्यात.

अरुणचं घर ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडला होतं. त्याची बायको सुनेत्रा नागपूरची. रसायनशास्त्र शिकायला अमेरिकेला आलेली, तिथंच अरुण भेटला. लग्न गावी झालं तेव्हा तिच्या माहेरचं कुणीच आलं नाही. मांडवात ती परकी, भाषा परकी, पानातलं वाढलेलंही परकं. तेव्हा वळ्ळियम्मा तिच्या शेजारी मांडी घालून बसली. तिनं भात कालवला, तिच्या तोंडात घास दिला आणि विचारलं, “साप्टियाम्मा?” सुनेत्राला पहिलं तमिळ आलं ते हे. पुढे दर रविवारी फोन लागायचा. खरखरत, तुटत. सासू तेच विचारायची, सून म्हणायची, “साप्टेन, अम्मा.” जेवले. दोघींचं सगळं बोलणं एवढंच, पण त्यात तब्येत आली, राग आला, लोभ आला, सगळं आलं. तांदूळ धुताना सुनेत्रा स्वतःशी एक ओवी गुणगुणायची. ती तिचीच होती:

समुद्राच्या काठी, मीठ पिकं रानोरानी
सासूच्या बोलामधी, गोड विहिरीचं पाणी

मला चालवायला जगन्नाथकाका होते. पन्नाशी ओलांडलेले, एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवायचे. तरुणपणी विदर्भातल्या जत्रांमधून तंबूतला सिनेमा दाखवत फिरलेले. कुठल्या तरी शाळेनं मोडीत काढलेला प्रोजेक्टर त्यांनी असा दुरुस्त केला होता की चालताना तो मांजरीसारखा गुरगुरायचा. तमिळचा एक शब्द त्यांना येत नव्हता. “मला कशाला यायला पाहिजे?” ते म्हणत. “फिल्म मला कानानं नाही, बोटांनी कळते.” आणि खरंच, मित्रांनो, त्यांच्या बोटांना मी कधी घाबरले नाही.

चौऱ्याऐंशीच्या वसंतात माझा अमेरिकेतला पहिला खेळ ठरला. ह्यूस्टनमधल्या एका शाळेच्या हॉलमध्ये, तमिळ संगम नावाच्या तिथल्या मंडळातर्फे. संगमचे अध्यक्ष बोलणी करायला घरी आले होते, तेव्हा मी पेटीतून ऐकत होते.

“गाणी किती?”

“एकही नाही,” अरुण म्हणाला.

“फाइट?”

“एक भांडण आहे. पाण्यावरून.”

“मग लोक बघणार काय?”

“एक बाई.”

“तरुण?”

“बासष्ट.”

अध्यक्षांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. “मिस्टर अरुणाचलम, इंटरव्हल तरी आहे ना? आमच्या लेडीज विंगनं तीनशे वड्यांचं पीठ भिजत घातलंय. सिनेमा कॅन्सल करता येईल, वडे नाही.”

इंटरव्हल नव्हता. पण दुसरं रीळ संपल्यावर दिवे लावायचं ठरलं, आणि वड्यांच्या भरवशावर माझा खेळ पक्का झाला.

अरुणची एक खोड होती. तो माझ्या खेळाला कधीच आत बसत नसे. बाहेर, दाराशी, माहितीची पत्रकं घेऊन उभा राही. कुणी विचारलं तर म्हणे, “पोर परीक्षेला बसलं की बाप बाहेरच बरा.” आत प्रोजेक्टरपाशी काका असत आणि काकांशेजारी स्टुलावर सुनेत्रा.

त्या दिवशी हॉल भरला होता. पहिलं रीळ निवांत गेलं. कुणी खोकलं, कुणाचं बाळ रडलं. मग दुसरं रीळ. बांध आला, आभाळ आलं, अम्मा चालू लागली. मला ते चोवीस फूट फार आवडायचे. तिथं मी स्वतःच स्वप्नात असल्यासारखी सरकायचे. ती दाण्याएवढी झाली. वळली. “साप्टियाप्पा?”

आणि सगळा हॉल हसला.

हळूच नाही, एकदम. दोनशे माणसं एका दमात. माझं तोंड भिंतीकडे असतं, मित्रांनो. मला माणसांच्या फक्त पाठी आणि डोकी दिसतात. खांदे हलताना दिसले. चेहरे दिसले नाहीत. सुनेत्रा माझ्यामागेच बसलेली, तिलाही तेवढंच दिसलं. तिनं काकांच्या खुर्चीची पाठ गच्च धरली. अंधारातही मला तो हिसका जाणवला, कारण खुर्ची टेबलाला लागलेली होती आणि टेबलावर मी.

वडे संपले, सिनेमा संपला, लोक पांगले. अरुण बाहेरून उड्या मारतच आला. “हसल्याचा आवाज आला! कुठे हसले गं?”

“असंच,” सुनेत्रा म्हणाली. “त्या भांडणाच्या वेळी.”

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मला घेऊन एकटीच काकांकडे आली.

“काका, दुसऱ्या रिळातला एक तुकडा काढता येईल?”

“खराब झालाय का? बघू.”

“खराब नाही. तो बांधावरचा. अम्मा बोलतात तो.”

काकांनी चहाचा कप खाली ठेवला. “अगं, आम्ही तंबूत दोन चौकटी तुटल्या तरी मालकाच्या शिव्या खायचो. तू अख्खा शॉट काढायला सांगतेस! अरुणला विचारलंस?”

“विचारलं तर तो विचारेल, का? मग काय सांगू? तुझी आई बोलली आणि दोनशे लोक फिदीफिदी हसले? वडे खायला आलेले लोक? त्या अनवाणी चालल्यात हो काका तिथं. त्यांचे पाय पाहिलेत मी.”

“तो पुढे कधीतरी बघेलच की.”

“तो आत बसतच नाही.”

काकांनी कप बाजूला सारला. मग त्यांनी मला टेबलावर घेतलं आणि स्प्लायसर काढला. हे फिती जोडायचं छोटं यंत्र, त्याला ब्लेडएवढी पाती असते. पहिला घाव, आणि हातानं मोजून चोवीस फुटांवर दुसरा. दुखलं का, असं तुम्ही विचाराल. दुखलं नाही. फक्त एकदम हलकं वाटलं, घरातलं कुणी न सांगता उठून गेल्यावर वाटतं तसं. काकांनी दोन टोकं जुळवून पारदर्शक पट्टीनं जोडली. उरलेल्या चोवीस फुटांची मूठभर गुंडाळी सुनेत्राच्या हातावर ठेवली. “टाकू नको,” ते म्हणाले. “टाकलीस तर मी आयुष्यात प्रोजेक्टरला हात लावणार नाही.”

तिनं टाकली नाही. घरी जाऊन लग्नाच्या साडीच्या घडीत ठेवली.

त्यानंतर माझे फिरतीचे दिवस सुरू झाले. शनिवार-रविवार आला की मी स्टेशन वॅगनच्या मागच्या सीटवर. ऊन लागू नये म्हणून अंगावर ओली चादर. डॅलसला शाळेचं जेवणघर, तिथं पडद्याऐवजी दोन पलंगपोस शिवून टांगलेले. एका गावात चर्चचं तळघर. एकदा कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनोपर्यंतचा प्रवास, वाळवंटातून, दोन दिवस. टेक्सासच्या सपाट जमिनीवरून सरळ रस्ता जाई आणि लांबवर उन्हात पाणी चमकल्याचा भास होई. मला वाटे, आली मिठागरं. कुठल्याही गावात दिवा लागला की मी खाऱ्या वाऱ्याचं ते गाव तिथं पसरून ठेवी, आणि दीड तास परक्या देशातली माणसं आपल्या मातीच्या वासात बसत.

लोक नावाजतही. “सुटसुटीत आहे,” म्हणत. वर्तमानपत्रात एकदा चार ओळी आल्या, अरुणनं त्या कापून पाकिटात ठेवल्या. पण दुसऱ्या रिळाच्या मध्यावर तो जोड दिव्यापुढून जाताना ‘टक्’ असा आवाज होई आणि मी दचके. ती बाई घराच्या उंबऱ्यात असे, आणि पुढच्याच क्षणी परत येताना दिसे. गेलीच नव्हती, तरी आलेली.

क्युपर्टिनोला खेळ संपल्यावर एक विद्यार्थी अरुणपाशी थांबला. “सर, सगळं आवडलं. एक कळलं नाही. ती बाई परत येते म्हणता, पण ती जाते कधी?”

“म्हणजे काय?” अरुण हसला. “चांगली चाळीस सेकंदं जाते की!”

मुलानं खांदे उडवले. अरुणनं परतीच्या वाटेवर सुनेत्राला विचारलं, “त्यानं असं का म्हणावं?”

गाडीत मी होते, ती होती, मागे काका झोपल्याचं सोंग घेऊन पडले होते.

“डुलकी लागली असेल त्याला,” सुनेत्रा खिडकीबाहेर बघत म्हणाली.

“चाळीस सेकंदांची?” अरुण म्हणाला.

मग व्हिडिओ कॅसेट आली. प्रत्येक भारतीय किराणा दुकानात, लोणच्याच्या बरण्यांच्या वर, कॅसेटची रांग लागली. नवेकोरे सिनेमे, गाण्यांचे, मारामारीचे, घरी नेऊन सोफ्यावर बघायचे. हॉल कोण घेणार, खुर्च्या कोण मांडणार? संगमचे अध्यक्ष फोनवर फार गोड बोलले. “पुढच्या वर्षी बघू,” म्हणाले. ते पुढचं वर्ष आलंच नाही. अरुणच्या डोक्यात दुसरी गोष्ट होती, कागदावर उतरलेलीही होती. ती त्यानं टेबलाच्या खणात ठेवली आणि खण परत उघडला नाही.

मी गॅरेजमधल्या कपाटात गेले. शुगर लँडचा उन्हाळा दमट असतो, मित्रांनो. भिंतींना घाम येतो. फितीला अशी हवा सोसत नाही. माझ्या अंगाला आंबूस वास येऊ लागला, कडा जराशा मुडपल्या. दिवस गेले, महिने गेले. अंधारात मी माझीच चित्रं एकामागून एक आठवत बसे. दुसऱ्या रिळापाशी आले की अडखळे. फक्त जगन्नाथकाका दोन-तीन महिन्यांनी येत, डबे उघडत, मला अंगणात सावलीत वारा देत, मऊ कापडानं पुसत. “विसरलो नाही हं तुला,” एवढंच पुटपुटत. काकांनी ते केलं नसतं तर मी आज तुमच्याशी बोलले नसते.

सत्त्याऐंशीच्या ऑगस्टात एका सकाळी फोन आला. गॅरेज घराला लागूनच, आतलं सगळं मला ऐकू येई. अम्मा गेल्या. झोपेतच. अरुण पोहोचला तेव्हा तिसरा दिवस होता. तो परत आला तो डोक्यावरचे केस उतरवून. एका रविवारी फोनच्या नेहमीच्या वेळेला तो फोनशेजारी जाऊन बसला. सुनेत्रानं पाहिलं आणि ती त्याच्याजवळ बसली.

“तिचे दोन फोटो आहेत आपल्याकडे,” तो म्हणाला. “आवाज नाही. कधी टेप केलाच नाही. सिनेमातही कामाचे शब्द बोलली, मी लिहिलेले. तिचं स्वतःचं असं एकच वाक्य आहे.” मग म्हणाला, “मला बघायचाय सिनेमा. आत बसून. काकांना बोलव ना.”

सुनेत्रा “हो” म्हणाली. तिचा चेहरा मी पाहिला नाही, पण त्यानंतर चार दिवस स्वयंपाकघरातून ओवी ऐकू आली नाही.

शनिवारी दुपारी काका प्रोजेक्टर घेऊन आले. बैठकीतले पडदे ओढले, भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. एकच पाहुणी आली, सेल्वीअक्का. लेडीज विंगचे ते तीनशे वडे तळणारी हीच. दुखवट्याचं घर म्हणून ती लिंबूभाताचं पातेलं घेऊन आली होती. अरुण खुर्च्या लावत होता. अक्का सुनेत्राजवळ बसली, तिचा हात हातात घेऊन तमिळमध्ये बोलू लागली. एव्हाना सुनेत्राला ते चांगलं समजायचं.

“मी त्या दिवशी होते गं हॉलमध्ये. तुझी सासू मागे वळून ‘साप्टियाप्पा’ म्हणाली ना, अय्यो, इतकी हसले, इतकी हसले की डोळ्यांतून धारा लागल्या. माझी आई अशीच. मुलगा तुरुंगात गेला असता तरी पहिलं हेच विचारलं असतं! सगळा हॉल तसाच. आमचे हे कधी रडत नाहीत, त्यांनी चष्मा काढून रुमाल तोंडाला लावला. घरी जाताना गाडी बाजूला थांबवून फोन बूथवरून गावी आईला ट्रंक कॉल लावला त्यांनी. त्या दिवशी कितीजणांनी लावला असेल, सांग.”

 सुनेत्रानं हात सोडवून घेतला आणि ती स्वयंपाकघरात गेली. काका पाठोपाठ गेले. मी तिथल्या दारापाशीच टेबलावर होते.

“ऐकलंत काका?”

“मला काय कळणार ते तमिळ?”

“ते हसले कारण... काका, त्या सगळ्यांना आपापली आई आठवली हो. मी पाठी बघत बसले.”

काकांनी भिंतीला हात टेकला. “हे बघ, तू काही बोलू नकोस. मी सांगतो, मशीनमध्ये अडकून फाटलं. मशीनला काय, कुणीही खपवून घेतं. तुकडा नंतर बसवून देतो. एकदा तसाच बघू दे त्याला.”

 बाहेर अरुण हाक मारत होता. “काका, येताय ना?”

दिवा लागला. मी धावू लागले. किती दिवसांनी अंगातून उजेड गेला माझ्या! भिंतीवर मिठाचे ढीग पांढरे उगवले, बगळे उतरले, पाण्यावर ऊन सांडलं. अरुण पहिल्यांदाच माझ्यासमोर बसला होता, आणि मला त्याची फक्त पाठ दिसत होती. केस उतरवलेलं डोकं, पुढे झुकलेलं, शाळेतल्या मुलासारखं. पहिलं रीळ संपलं. काकांनी दुसरं चढवलं, त्यांची बोटं आज मला अनोळखी वाटली.

मित्रांनो, तुमच्या गावी, तुमच्या शाळेत, कुणाच्या माळ्यावर माझ्यासारखी एखादी फीत पडलेली असेल. तिला कोरड्या, थंड जागी ठेवा. अधूनमधून उघडा, वारा दाखवा. मोठ्या सिनेमांच्या शंभर प्रिंटा असतात, आम्हा धाकट्यांची एखादीच असते. आणि तिच्यातलं एखादं चित्र तुम्हाला कळलं नाही, लोक का हसले ते समजलं नाही, तर पाती हातात घेण्याआधी समोरून जाऊन एकदा चेहरे बघा. मागून पाठ बघून काही कळत नाही. हे मी सांगते आहे, जिनं जन्मभर पाठीच बघितल्या.

भिंतीवर उंबरा आला. अम्मानं डोक्यावर पाटी घेतली. अरुण खुर्चीत पुढे सरकला, त्याचा श्वास मला ऐकू आला. आता बांध येईल, आता आभाळ, असं त्याला वाटत होतं. जोड माझ्या वेटोळ्यातून वर येत होता, दिव्यापासून हातभर, मग वीतभर.

“काका, थांबवा,” सुनेत्रा म्हणाली.

काकांनी खटका ओढला. उभ्या फितीला दिवा जाळतो, म्हणून त्यांनी दिवाही विझवला. भिंत काळी झाली. पडद्यांच्या फटीतून दुपारचं थोडं ऊन आत येत होतं.

“काय झालं?” अरुण वळला.

“ते असं आहे,” काका घाईनं म्हणाले, “हे माझ्या हातून... मशीनमध्ये एकदा...”

“नको, काका.” सुनेत्रा स्टुलावरून उठली, खुर्च्यांच्या मधून पुढे गेली आणि अरुणच्या समोर, चेहऱ्यासमोर, खाली बसली.

“अरुण, पुढे अम्मा नाहीत. मशीननं नाही, मी काढायला लावल्या. तीन वर्षं झाली, माझ्याच कपाटात आहेत. त्या दिवशी सगळे हसले आणि मला वाटलं, ते आपल्या आईला हसताहेत.”